रेडिओच्या खोलीचा राहून गेलेला इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'शाळेतील रेडिओची खोली' या विषयावर लेख मागितला, तेव्हा सर्वात आधी मी शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका शोधून काढली. तिच्यात या खोलीबद्दल दोनच वाक्ये आहेत. पहिले असे की, १९७८ साली शाळेत हौशी रेडिओ केंद्र सुरू झाले. दुसरे असे की, 'संबंधित शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून धोक्याचे काम करून घेतल्याने घडलेल्या अपघातानंतर १९८५ मध्ये ते बंद करण्यात आले.' पहिले वाक्य बरोबर आहे. दुसऱ्यातले साल बरोबर आहे, बाकीचे खोटे आहे. ते खोटे इतकी वर्षे टिकले त्यात माझा वाटा मोठा आहे, म्हणून हा लेख मीच लिहिणे योग्य.

आपल्या पुढच्या-मागच्या तुकड्यांपैकी अनेकांनी ती खोली आतून पाहिलेली नाही. प्रयोगशाळेच्या मागे, जिथे पूर्वी खेळाचे सामान ठेवत, ती ही खोली. आत एक लाकडी टेबल, त्यावर सरांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला लष्करी मोडीतला रिसीव्हर आणि शेजारी त्यांनी स्वतः बांधलेला ट्रान्समीटर. त्याच्या शेवटी ८०७ नावाची काचेची व्हॉल्व्ह होती. ती तापली की खोलीत एक विशिष्ट वास सुटे, तो अजून माझ्या नाकात आहे. व्हॉल्व्हला सहाशे व्होल्ट लागत. त्यामुळे झाकण उघडे असताना एक हात खिशात ठेवायचा, हा सरांचा पहिला नियम होता. दोन्ही हात यंत्रात असले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. आमच्या हाफपँटला खिसे असण्याचे खरे कारण हेच, असे आम्ही सहावीच्या मुलांना सांगत असू.

दुसरा नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असे : 'मी आल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही.'

तार म्हणजे एरियल. प्रयोगशाळेच्या छपरावरच्या लोखंडी पाइपापासून मैदानाच्या कडेच्या चिंचेपर्यंत ती ताणलेली होती. मधोमध चिनी मातीचा तुकडा, दोन्ही टोकांना अंड्याच्या आकाराचे चिनी मातीचे इन्सुलेटर, आणि लांबी बरोबर वीस मीटर. सर सात मेगाहर्ट्झवर बोलत. त्या लहरीची लांबी सुमारे बेचाळीस मीटर, तिच्या निम्मी तार घेतली की ती आपोआप सुरात येते. सतारीची तार ठराविक लांबीलाच ठराविक स्वर देते, तसे. हे सर तोंडी सांगत नसत. फुटपट्टीची एक बाजू टेबलावर दाबून ती टणकन वाजवून दाखवत, मग थोडी पुढे सरकवून पुन्हा वाजवत.

रेडिओचा सुरुवातीचा इतिहास बराचसा लांब आणि उंच तारांचा आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने न्यू फाउंडलंडमध्ये अटलांटिकपलीकडून आलेला संदेश ऐकला, तेव्हा त्याची तार पतंगाने वर उचलून धरली होती आणि ती दीडशे मीटरच्या आसपास लांब होती. आपल्याकडे १९२१ मध्ये कलकत्त्याला अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी २जेके या खुणेने हौशी केंद्र चालवले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द केले. आणि मग १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. तो १२ नोव्हेंबरला पकडला जाईपर्यंत जागा बदलत बदलत बोलत राहिला. या रेडिओची लहर ४२.३४ मीटरची होती हे अनेकांनी वाचले असेल. पण त्यातली एक गोष्ट सरांनी आम्हाला फळ्यावर भागाकार करून दाखवली होती. प्रकाशाच्या वेगाला ४२.३४ ने भागले की येते ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आमच्या शाळेतली तार ज्या पट्ट्यात बोलत होती, त्याच पट्ट्यात काँग्रेस रेडिओ बोलत होता. त्या दिवशी आम्ही चिंचेकडे वेगळ्या नजरेने पाहिले. वीस मीटरची तार पोलिसांच्या डोळ्यांदेखत मुंबईच्या एखाद्या इमारतीवर कशी ताणायची, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे. यंत्र खोक्यात लपते. तार लपत नाही.

१९८४ च्या अखेरीस राजीव गांधी पंतप्रधान झाले आणि ते स्वतः परवानाधारक हॅम आहेत, त्यांची खूण व्हीयू२आरजी, हे वर्तमानपत्रात छापून आले. सरांनी ते कात्रण दारावर चिकटवले. तोवर संस्थेच्या काही मंडळींना या खोलीत नेमके काय चालते याची शंका येई, ती त्या कात्रणाने गेली. १५ ऑगस्ट १९८५ ला झेंडावंदनानंतर सगळ्या शाळेसमोर प्रात्यक्षिक करायचे ठरले.

त्या आठवड्यात वाऱ्यापावसाने चिंचेकडची दोरी तुटली. तार मैदानात लोळत पडली. शनिवारी सकाळची शाळा सुटली, सर बैठकीसाठी जिल्ह्याच्या गावी गेले होते, सोमवारी येणार होते. आम्ही तिघे नववीतले. सर येण्याआधी तार चढवून ठेवू, त्यांना बरे वाटेल, असा आमचा विचार. दगडाला दोरी बांधून ती चिंचेच्या उंच फांदीवरून पलीकडे टाकायची आणि दोरीने तार वर ओढायची. दोरी मी बांधली. दगड मी फेकला. तो फांदीवरून गेला, पण माझ्या अंदाजापेक्षा फार पुढे, कुंपणाच्या भिंतीपलीकडे गेला. मागोमाग दोरी सरसरत गेली आणि तिच्या टोकाला बांधलेल्या तारेला हिसका बसून तिचा सैल फास हवेत उडाला. भिंतीपलीकडे गल्लीतली विजेची लाइन होती. आमचा मित्र तारेचे दुसरे टोक हातात धरून ओल्या जमिनीवर अनवाणी उभा होता.

तो कोण, हे आपल्या तुकडीत सगळ्यांना माहीत आहे. 'नाव छापलंस तर मेळाव्याला येणार नाही' असे त्याने बजावले आहे, म्हणून लिहीत नाही. तो ओरडला नाही. त्याचा हात तारेला चिकटल्यासारखा झाला आणि तो गुडघ्यांवर खाली गेला. शाळेचे शिपाईकाका घंटेजवळ होते. त्यांनी धावत येऊन वाळक्या लाकडी दांड्याने तार उडवली. गल्लीतला फ्यूज कधी उडाला ते मला आठवत नाही. मित्र काही मिनिटे बेशुद्ध होता. मग आठ दिवस रुग्णालयात. उजव्या हाताची दोन बोटे आजही त्याला पुरती मिटता येत नाहीत.

सोमवारी आम्हाला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावले. दाखला हातात मिळणार हे आम्ही गृहीत धरले होते. आत गेलो तेव्हा सर आधीच तिथे उभे होते, आणि त्यांनी लिहून दिले होते की एरियल चढवायला मुलांना त्यांनीच सांगितले होते. आम्हाला कुणी काही विचारले नाही. मी तोंड उघडले नाही. फळ्याच्या कोपऱ्यातले वाक्य कुणी वाचले असते तरी चालले असते, पण ते कुणीतरी पुसून टाकले होते. ते सरांनीच पुसले असावे असे मला वाटते. हे मी त्यांना कधी विचारले नाही, कारण उत्तर काय येईल ते ठाऊक आहे. सरांची वेतनवाढ थांबली, खोलीला कुलूप लागले, पुढच्या वर्षी सर संस्थेच्या दुसऱ्या शाळेत गेले.

पुढे मी नोकरी लागल्यावर हौशी रेडिओचा परवाना काढला. २००१ च्या भूज भूकंपात आणि डिसेंबर २००४ च्या सुनामीत, जेव्हा भारती प्रसाद यांनी पोर्ट ब्लेअरहून अंदमानची खबर बाहेर पोचवली, तेव्हा हॅम लोकांचे काम सगळ्या देशाने पाहिले. मी घरी बसून ऐकत होतो. माझ्या सोसायटीत गच्चीवर तार ताणायला मनाई होती, आणि खरे सांगायचे तर मला स्वतःलाच ती ताणायची नव्हती. दोरीला दगड बांधायचा म्हटले की हात थांबे.

गेल्या वर्षी मेळाव्याची आखणी सुरू झाली आणि कुणीतरी सहज म्हणाले, रेडिओ पुन्हा लावून दाखवू या. मी आधी सरांकडे गेलो. ते ८६ वर्षांचे आहेत, कान शाबूत, गुडघे नाहीत. चहा झाल्यावर मी एकदाचे सांगून टाकले की दोरी मी बांधली होती आणि दगड मी फेकला होता.

"माहीत आहे," सर म्हणाले. "दोरी मी नंतर बघितली ना. सुरगाठ होती. स्काउटमध्ये सहा महिने सांगून तू निरगाठ शिकला नाहीस. तुझीच गाठ ती."

एवढे बोलून ते उठले, कपाटातून एक वही काढली आणि विषय बदलला. मला वाटले होते की मी रडेन. त्याऐवजी पुढचे दोन तास आम्ही अँटेनावर बोलत बसलो.

वहीत १९८१ सालची एक आकृती होती. तांब्याच्या नळीचे एक वेटोळे, वर कंडेन्सर, आत छोटे वेटोळे. सरांनी एका परदेशी मासिकाच्या उसन्या अंकातून ती उतरवून घेतली होती. त्यांना हे वेटोळे खोलीच्या खिडकीतच उभे करायचे होते, म्हणजे चिंचेवर चढायचा प्रश्नच राहिला नसता. पण पुरेसे अंतर असलेल्या पट्ट्यांचा कंडेन्सर मोडीच्या बाजारात त्यांना मिळाला नाही. म्हणून तार चिंचेवर राहिली.

वेटोळ्याचा इतिहास लांब तारेपेक्षाही जुना आहे. १८८७-८८ मध्ये जर्मनीत हर्ट्झने रेडिओलहरी प्रथम पकडल्या, त्या हातात धरता येईल एवढ्या तारेच्या कड्याने. कड्याला बारीक फट होती आणि फटीत ठिणगी दिसली की लहर आली असे समजायचे. पुढे लाकडी चौकटीवर तार गुंडाळलेली एरियले आली. त्यांना एक गुण होता : चौकट फिरवली की एका दिशेचा आवाज पूर्ण मरतो. त्यामुळे छुपी केंद्रे शोधायलाही तीच वापरली गेली. आपल्या घरातल्या ट्रान्झिस्टरमध्ये काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार असते, तीही याच कुळातली. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना आपले वडील ट्रान्झिस्टर आडवा-तिडवा फिरवत, ते याच कारणाने.

पण हे सगळे ऐकण्यासाठी. वेटोळ्याने बोलायचे म्हणजे वेगळे प्रकरण. १९६७ साली अमेरिकन लष्करातल्या पॅटरसन यांनी जंगलात वापरण्यासाठी केलेल्या अष्टकोनी वेटोळ्याचे वर्णन 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात छापले. हौशी लोकांनी लगेच आपापली वेटोळी बांधली. लष्कराने सांगितले तितके काही ती चालली नाहीत, पण चालली. कारण सोपे आहे. वेटोळे लहान असले की ते आपली शक्ती हवेत सोडायला फार नाखूष असते. एक मीटर व्यासाच्या कड्याचा १४ मेगाहर्ट्झला उत्सर्जनाचा रोध असतो एक ओहमच्या दहाव्या भागाहूनही किंचित कमी. नळीच्या तांब्याचा स्वतःचा रोध जवळपास त्याच्या दोनतृतीयांश. म्हणजे तांबे उत्तम असेल तरी निम्म्याच्या थोडी वर शक्ती हवेत जाणार, बाकीची नळी तापवण्यात. त्यात एक जोड जरी सैल राहिला तर सगळेच तापवण्यात. मोठ्या तारेच्या मानाने हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि तो आम्ही डोळे उघडे ठेवून केला.

नळी आणली फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडून. पाच-अष्टमांश इंची मऊ तांब्याची, सव्वातीन मीटर. गुंडाळीतून काढलेली असल्यामुळे तिला वाक आधीच होता. वर्तुळ सारखे करायला आम्ही शाळेच्या जेवणघरातल्या मोठ्या पातेल्याचा काठ वापरला. आधाराला पीव्हीसी पाइपाची फुली. वरच्या बाजूला नळीची दोन टोके उघडी ठेवून त्यांच्यामध्ये कंडेन्सर बसवायचा. हिशेबाने सुमारे ४७ पिकोफॅरड हवे होते.

पहिला कंडेन्सर म्हणून मी जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग लावला. त्याच्या दोन भागांना एकामागोमाग जोडले की फिरत्या आसाला वीज न देता काम भागते. फिरत्या आसाचा घासता जोड हा वेटोळ्याचा शत्रू आहे. ऐकण्याचे काम उत्तम झाले. मग दहा वॉट सोडले. गँगच्या पानांमध्ये निळी ठिणगी चरचरली आणि ओझोनचा वास आला.

हे इथे सविस्तर लिहितो, कारण ज्यांना वाटते की लहान अँटेना म्हणजे खेळणे, त्यांनी हे वाचावे. झोपाळ्याला दर खेपेला हलकासा पण नेमका धक्का दिला की तो छताला लागेल एवढा चढतो. सुरात आलेल्या वेटोळ्याचेही तसेच होते. फक्त दहा वॉट, म्हणजे घरातल्या एका एलईडी बल्बएवढी शक्ती, पण नळीतून सात-आठ अँपिअर धावतात आणि कंडेन्सरच्या टोकांवर दीड हजारांच्या पुढे व्होल्ट उभे राहतात. शंभर वॉट सोडले तर पाच-सहा हजार. जुन्या गँगच्या पानांतली फट नखाएवढीही नसते. हात लागला तर शॉक बसल्यासारखे वाटणारही नाही कदाचित, पण त्वचा आतून भाजते आणि ती जखम सावकाश भरते.

मग आपल्या गावातल्या तांबट आळीचा उपयोग झाला. तिथल्या कारागिराने दीड मिलिमीटरच्या पितळी पत्र्याची पाने कापून दिली, दोन पानांत तीन मिलिमीटर अंतर ठेवून ती ओळीने बसवली, आणि नळीच्या टोकांना नट-बोल्ट न लावता थेट झाळून दिली. अ‍ॅल्युमिनियमची पाने स्वस्त पडली असती, पण ती अशी झाळता येत नाहीत. फुलपाखराच्या पंखांसारखी फिरती पाने मधोमध, आसाला अर्धा मीटर पीव्हीसी पाइपाचा दांडा. दांडा एवढा लांब कशाला, असे त्याने विचारले. हात जवळ नेला तरी सूर बदलतो, आणि हात लागला तर भाजतो, ही दोन्ही कारणे सांगितली. त्याला पहिल्यापेक्षा दुसरे पटले. घंटा घडवणाऱ्या माणसाला सूर बिघडण्याचे कौतुक नव्हते असे नाही, पण भाजणे त्याला रोजचे होते.

केबल मोठ्या वेटोळ्याला जोडायची नसते. खालच्या बाजूला, मोठ्याच्या एकपंचमांश व्यासाचे, म्हणजे वीस सेंटिमीटरचे छोटे कडे टांगायचे आणि केबल त्याला. ते किंचित दाबून लंबगोल केले किंवा थोडे वर-खाली केले की जुळणी होते. त्यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. केबलच्या वेटोळ्याकडच्या टोकाला फेराइटच्या कड्या ओवल्या. तसे न केल्यास केबलच अँटेनासारखी वागू लागते आणि टेबलावरच्या माइकला ओठ लागला की चटका बसतो.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी नव्या इमारतीच्या गच्चीवर जागा ठरवायची होती. गच्चीवर सर्वात आधी कोण चढले असेल? आमचा तो मित्र. हातात पन्नास मीटरची टेप. चारी बाजूंच्या विजेच्या तारा त्याने मोजून कागदावर मांडल्या. "दांडा कुठल्याही बाजूला आडवा पडला, वर आणखी तेवढाच पुढे गेला, तरी तारेला पोचता कामा नये." गल्लीतली लाइन आता जाड आवरणाच्या केबलची झाली आहे, तरी त्याने ती उघडी आहे असेच धरले. लोखंडी दांड्याला त्याने साफ नकार दिला. सिमेंट ओतलेल्या तेलाच्या डब्यात लाकडी दांडा उभा केला, तो गच्चीच्या मधोमध, कठड्यापासून लांब. भोवती चार मीटरवर दोरीचे रिंगण. प्रक्षेपण चालू असताना आत कुणी नाही, केबल काढल्याशिवाय दांड्याला हात नाही, ढग दिसले की वेटोळे खाली. एक मीटरच्या वस्तूचा फायदा तिथे कळला : सोडून जिन्याने खाली न्यायला एका माणसाला दोन मिनिटे लागतात. चिंचेवरची तार सर कधीच उतरवू शकले नव्हते, नुसती केबल काढून खिडकीबाहेर फेकत.

ज्या दोरीने रिंगण केले तिच्या गाठी त्याने स्वतः मारल्या. मला मारू दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांना खुर्चीसकट वर आणले. प्रक्षेपणाची परवानगी माझ्या परवान्यावर आधीच काढलेली होती. मी अँटेना तपासायचे छोटे यंत्र काढले, त्याच्या पडद्यावर आलेख दिसतो आणि जिथे तो खड्ड्यासारखा खाली जातो तिथे सूर जुळलेला असतो. सरांनी ते बघितले, छान आहे म्हणाले, आणि बाजूला ठेवायला सांगितले. रिसीव्हर चालू करून प्रक्षेपण बंद ठेवले आणि पीव्हीसीचा दांडा त्यांच्या हातात दिला. ते डोळे मिटून दांडा केसाकेसाने फिरवत राहिले. खरखर, खरखर, मग एका जागी खरखर एकदम फुगली, पुढे गेली की पुन्हा मेली. ते मागे आले. "इथे." यंत्र लावून पाहिले तर चार किलोहर्ट्झचा फरक. ज्या पट्ट्यात आमचे वेटोळे चालते त्याची रुंदीच जेमतेम वीस किलोहर्ट्झ आहे, आणि १४ मेगाहर्ट्झचा हौशी पट्टा साडेतीनशेचा. म्हणजे शेजारच्या केंद्राकडे वळायचे तर दर वेळी हा दांडा पुन्हा फिरवायचा. लांब तारेला हे करावे लागत नाही. तक्रार नाही, नोंद करतो.

मागच्या इमारतीतल्या इन्व्हर्टरचा गुणगुणाट फार येत होता. वेटोळे पाव फेरा फिरवले आणि तो नाहीसा झाला. खाली मैदानात बसलेल्यांना लाउडस्पीकरवर तो फरक ऐकू आला आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या हर्ट्झच्या कड्याच्या, असे मी मनात म्हटले.

सगळे रिंगणाबाहेर गेल्याची खात्री मित्राने केली, हात वर केला, आणि मी मोर्सच्या कीवर हाक दिली. पहिली सात मिनिटे कुणी उत्तर दिले नाही. मैदानात लोक आपापल्या गप्पांना लागले. आठव्या मिनिटाला अगदी क्षीण स्वर आला, कोलकात्याजवळचा एक हॅम. त्याने आम्हाला ५३९ दिले, म्हणजे वाचता येते पण सिग्नल अशक्त. मी त्याला कळवले की दहा वॉट आहेत आणि अँटेना एक मीटरचे वेटोळे. त्याने ते पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले.

त्यानंतर तासाभरात आणखी तीन केंद्रे मिळाली, त्यातले एक आखातातले. चार हाका वाया गेल्या. चिंचेवरची तार असती तर कदाचित दुप्पट मिळाली असती. चिंच आता नाही, रस्ता रुंद करताना गेली.

जुनी लॉगबुक सरांनी घरून आणली होती. परवान्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संपर्काची नोंद ठेवावी लागते, ती ही वही. तिच्यातली शेवटची नोंद १२ ऑगस्ट १९८५ ची, सरांच्या अक्षरात : 'एरियल खाली. केंद्र बंद.' कारण लिहिलेले नव्हते. माझ्या संपर्कांची नोंद माझ्या वहीत झाली होती, तरी सरांनी पेन मागितले आणि त्या ओळीखाली तारीख घातली. मग वही मित्राकडे दिली. त्याने न मिटणारी दोन बोटे बाजूला ठेवून पेन धरले, आणि कोलकात्याच्या केंद्राची वेळ, वारंवारता आणि ५३९ लिहिले. अँटेनाच्या रकान्यात त्याने लिहिले, 'वेटोळे, १ मीटर, लाकडी दांडा, लाइनपासून अंतर ३१ मीटर.'

संध्याकाळी वेटोळे सोडून खाली आणले. सध्या ते प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात आहे. तांब्याचा भाव पाहता कुलूप आवश्यक आहे. किल्ली विज्ञानाच्या बाईंकडे आहे. वही शाळेच्या ग्रंथालयात दिली आहे, आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या ग्रंथालयातल्या प्रतीत, त्या दुसऱ्या वाक्याच्या पानाशी, या लेखाची एक प्रत ठेवावी अशी विनंती मी मुख्याध्यापिकांना केली आहे. त्यांनी होकार दिला आहे.